मानाची औषधे

देवासला नीलकंठरावांच्या घरी सकाळ होई ती त्यांच्या वडिलांच्या, भाऊंच्या खोकल्याने. टेकडीवर माताजीची घंटा वाजण्याच्या थोडे आधी पहिली ढास येई. ती ऐकून भाऊंच्या पत्नी माई चुलीत विस्तव घालीत, सून विद्युल्लता घागर घेऊन आडावर जाई, आणि नीलकंठराव अंथरुणातच डोळे मिटून ती ढास कोरडी आहे की ओली याचा अंदाज घेत पडून राहत. मग भाऊ पाठीशी रचलेल्या गोधड्यांना टेकून बसत, चूळ भरत आणि रुप्याच्या डबीतली काळी गोळी मधात उगाळून चाटत. संध्येपूर्वी औषध घेतले तर चालते असे शास्त्र आहे, आणि भाऊ शास्त्राबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. स्नान होई, संध्या होई, जेवण होई. जेवणावर दवाखान्यातले तांबूस मिश्रण घ्यायचे असे. त्या बाटलीवर मात्रा कळावी म्हणून दातेरी कागदाची पट्टी चिकटवलेली होती. परंतु विलायती औषधाचा विटाळ जावा म्हणून माई तीत रोज गंगाजलाचे चार थेंब घालीत, त्यामुळे पट्टीवरच्या खुणा आणि आतले औषध यांचा मेळ फार दिवस टिकत नसे.

त्या दिवशीही सर्व यथाक्रम चालले होते. भाऊ आचमनाला बसले, केशव झाला, नारायण झाला, माधव झाला, आणि गोविंदापाशी आवाज थांबला. नीलकंठराव कचेरीत जाण्यासाठी पागोटे बसवीत होते. त्यांनी वळून पाहिले तो भाऊ तळहातावर पाणी घेऊन, मान किंचित खाली घालून स्वस्थ बसलेले. पाणी बोटांमधून गळून गेले तरी हात तसाच. बऱ्याच वेळाने भाऊंनी डोळे उघडले, आपण कोठवर आलो याविषयी त्यांना शंका आली, आणि शंकित कर्म पुन्हा करावे या न्यायाने त्यांनी केशवापासून आरंभ केला. गोविंदापाशी ते पुन्हा थांबले. त्या दिवशीची संध्या माध्याह्नाला जाऊन मिळाली.

"ध्यान लागतंय त्यांना," माई हळू आवाजात म्हणाल्या. "उगीच हाका मारू नकोस, नीलकंठा."

"ध्यान लागलेला माणूस घोरत नाही, माई," विद्युल्लता आतून म्हणाली.

परंतु शेजारच्या भवानीबाई फुले द्यायला आल्या होत्या आणि त्यांनी हे दृश्य डोळे भरून पाहिले होते. रिसालदारीतून निवृत्त झालेल्या दत्ताजीरावांच्या या पत्नीला वार्ता पोटात ठेवण्याची सवय नव्हती. दोन-तीन दिवसांत सकाळच्या वेळी ओसरीच्या पायरीशी फुलांचे द्रोण दिसू लागले, आणि एका बाईने आपल्या सासूच्या गुडघ्यांविषयी भाऊंना प्रश्न विचारला. भाऊंनी झोपेत हुंकार दिला. सासूचे गुडघे योगायोगाने थोडे बरे झाले, आणि मग काही इलाज राहिला नाही.

नीलकंठरावांना मात्र हुंकारापेक्षा दोन हुंकारांमधल्या शांततेची धास्ती वाटे. ते कचेरीत बसत, पण टाक दौतीत बुडवला की तो तिथेच राही. घरी या क्षणी भाऊंचा श्वास चालू आहे ना, हा विचार मनात आला की पुढचा शब्द सुचत नसे. भाऊ बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर थांबत. घास हातात धरून बसत. एके काळी सोनकच्छच्या शिवेचा तंटा नुसत्या तोंडी हकीकतीवर मिटवलेला हा माणूस, नातवंडांची नावे घेताना चाचपडू लागला होता.

आता औषधांविषयी सांगणे प्राप्त आहे, कारण भाऊंच्या घरात औषधे रोगामुळे आलेली नव्हती. ती मानामुळे आलेली होती.

देवास गावात तेव्हा दोन राज्ये नांदत होती, एक थोरल्या पातीचे आणि एक धाकट्या पातीचे. रस्ता एकच, पण त्याची एक बाजू या दरबारची तर दुसरी त्या दरबारची. भाऊंनी सारी हयात थोरल्या पातीच्या चाकरीत काढली, नीलकंठरावही तिथेच कारकून. परंतु तो शिवेचा तंटा मिटला तेव्हा समाधान पलीकडच्या बाजूलाही झाले होते. तिकडचे सरदार हंबीरराव यांनी त्या वेळी भाऊंचा मधुमेहाचा विकार ऐकून आपल्या घरचे वैद्य भास्करशास्त्री यांना आज्ञा केली, की भाऊंना आमच्याकडून गोळी जात जावी. तेव्हापासून गोळ्यांनी भरलेली रुप्याची डबी तबकात ठेवून, वर रेशमी रुमाल घालून रस्ता ओलांडून येई. रुमाल घातलेल्या वस्तूत काय आहे हे विचारणे नीलकंठरावांच्या कुळात कोणाला ठाऊक नव्हते.

दवाखान्यातले मिश्रण नीलकंठरावांच्या वरिष्ठांनी करवले होते. भाऊंच्या खोकल्याची हकीकत कानी जाताच त्यांनी इंदूरकडे शिकून आलेले डॉक्टर श्रीपादराव यांना स्वतः घरी जाऊन औषध देण्यास सांगितले. तोही मानच. तिसरी वस्तू दत्ताजीरावांकडची. रोज तिसऱ्या प्रहरी भाऊ त्यांच्याकडे सोंगट्या खेळायला जात. दत्ताजीरावांनी माळव्यातल्या ठाकुरांमध्ये उमर काढली होती, आणि आल्यागेल्याला कसुंबा, म्हणजे पाण्यात घोळून गाळलेली अफू, देण्याची तिकडची रीत त्यांनी उचलली होती. भाऊ सोवळ्याचे, त्यांना दत्ताजीरावांच्या घरचे पाणी चालत नसे. म्हणून स्नेहात उणे पडू नये यासाठी दत्ताजीराव त्यांना पाण्यात न घोळलेली, कोरडी, हरभऱ्याएवढी अफू देत. कोरड्या वस्तूला विटाळ नाही. या व्यवस्थेने धर्म राहिला, मैत्री राहिली, आणि इतर पाहुण्यांना गाळून, पातळ होऊन मिळणारी अफू भाऊंना तेवढी निखळ मिळत गेली.

हिला मात्र घरात कोणी औषध म्हणत नसे. विड्याला कोणी औषध म्हणते काय?

पुढे या मानांचा एकमेकांशी संबंध येऊ लागला. भाऊंना सुस्ती येते असे कळल्यावर भास्करशास्त्र्यांनी कफ वाढल्याचे निदान करून सुंठमिऱ्यांचे चाटण पाठवले. चाटणाने छातीत जळजळ झाली, तेव्हा श्रीपादरावांनी पांढरी पूड दिली. पोट साफ होईना म्हणून एरंडेल दिले. एरंडेलाने थकवा आला, तो पाहून दत्ताजीराव कळवळले आणि त्यांनी हरभऱ्याचा वाटाणा केला. भाऊ सर्व काही घेत. आलेल्या मानाला परत पाठवू नये, ही त्यांची हयातभराची शिस्त होती.

"मी म्हणते, साधी गोष्ट आहे," विद्युल्लता एका दुपारी म्हणाली. "तिघांना विचारा, तुम्ही मामंजींना काय देता."

"सरदारांच्या तबकात काय आहे हे विचारू? मी?"

"आमच्या धारेस एकच दरबार आणि एकच डॉक्टर. माणूस आजारी पडला तर त्याला फक्त आजाराचीच काळजी असते."

नीलकंठरावांनी या वाक्याकडे नेहमीप्रमाणे माहेरचा अभिमान म्हणून दुर्लक्ष केले. पण ते मनात राहिले. विचारणे अशक्य असले तरी विचारण्याची पाळी येऊ न देता उत्तर मिळवणे शक्य होते. वैद्य आणि डॉक्टर यांची आपल्या घरी एक बैठक भरवावी, दोघांनी मिळून भाऊंना पाहावे, आणि बोलण्याच्या ओघात जे निघायचे ते निघावे, अशी योजना त्यांनी आखली. एका सकाळचे काम. त्याला जवळजवळ महिना लागला.

थोरल्या पातीच्या डॉक्टरांनी धाकट्या पातीच्या सरदारांच्या वैद्याबरोबर एका रोग्यापाशी बसावे याला कोणाची मनाई नव्हती. परंतु कोणाची परवानगीही नव्हती, आणि नीलकंठरावांच्या मते ही दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. त्यांनी वरिष्ठांपुढे तोंडी अर्ज केला.

"तुमच्या वडिलांना बघायला डॉक्टर जाणार, यात मला काय विचारता?" वरिष्ठ म्हणाले.

हे उत्तर होकार की नकार, यावर नीलकंठरावांनी चार दिवस विचार केला आणि पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा वरिष्ठांनी त्यांच्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की आजारी नक्की कोण आहे याचा त्यांना संशय आला असावा.

मग आसनांचा प्रश्न आला. उजवीकडे कोणी बसावे? गादी जाड कोणाची? दत्ताजीरावांनी ओसरीवर येऊन सल्ला दिला. "देखो पंत, फौजेत दोन सरदार बराबरीचे असले की मध्ये घोडा उभा करतात. कोण उजवा, कोण डावा, काही समजत नाही."

"ओसरीवर घोडा मावणार नाही, रिसालदार."

"मग भाऊंना मध्ये बसवा. झालं."

भवानीबाईंनी सुचवले की भाऊंचे ध्यान असताना बैठक भरवू नये, पाप लागेल. माईंनी सुचवले की दोघेही ब्राह्मण आहेत तर जेवूनच जाऊ द्यावे. विद्युल्लतेने काही सुचवले नाही. ती भाऊंच्या खोलीच्या दाराशी बसून त्यांच्या छातीवरचे पांघरूण हलते की नाही हे पाहत होती. नीलकंठराव दोन्ही गाद्यांची उंची वितीने मोजत होते. त्यांना ती दिसली, आणि आपण चुकीच्या वस्तूकडे लक्ष देत आहोत असे त्यांना क्षणभर वाटले. पण एक गादी खरोखरच बोटभर जाड होती.

अखेर बैठक झाली. भास्करशास्त्री वयस्कर, गोरे, बोलण्यात अतिशय मृदू. श्रीपादराव तरुण, चष्मा लावणारे आणि त्याहून मृदू. भाऊ मध्ये, गोधड्यांना टेकून, डोळे अर्धे मिटून.

"आपण आधी नाडी पाहावी," श्रीपादराव म्हणाले.

"छे, छे. आपण विद्यालयात शिकलेले. आपण आधी."

"आपल्यापुढे मी लहान."

"विद्येला वय नसते, डॉक्टर."

हे बराच वेळ चालले असते. पण नीलकंठरावांनी या प्रसंगाची तयारी करून ठेवली होती. त्यांनी भाऊंचे दोन्ही हात उचलले आणि एकाच वेळी एक हात शास्त्र्यांपुढे व दुसरा डॉक्टरांपुढे धरला. दोघांनी एकदमच मनगटे धरली. दोघांनी डोळे मिटले. ओसरीवर अशी शांतता पसरली की पायरीशी बसलेल्या बायकांनी हात जोडले.

"मंद आहे," शास्त्री म्हणाले.

"मंद आहे," डॉक्टर म्हणाले.

नीलकंठरावांच्या आयुष्यात दोन पात्यांचे इतके एकमत झालेले त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांचे डोळे पाणावले.

"आपल्या गोळीने मधुमेह चांगला आवरला आहे," डॉक्टर म्हणाले. तीत काय असते हे विचारावे असे त्यांच्या ओठांवर आले असावे. पण दुसऱ्याच्या घराण्यातली कृती विचारणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. शास्त्र्यांनीही बाटली उजेडात धरून तांबूस रंगाची मनापासून प्रशंसा केली आणि ती खाली ठेवली. मग डॉक्टरांनी नीलकंठरावांना विचारले, "याखेरीज दुसरे काही औषध घेतात का?"

"नाही," नीलकंठराव म्हणाले. ते पूर्ण सत्य बोलत होते.

एकमेकांविषयीच्या आदरापोटी दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे औषध बंद करण्याची गोष्ट काढली नाही. आपण नुसतेच उठून गेलो तर समोरच्याच्या चिकित्सेवर अविश्वास दिसेल, म्हणून शास्त्र्यांनी मधुमेह पुरता आवरावा यासाठी गोळी सकाळ-दुपार घेण्यास सांगितले आणि डॉक्टरांनी खोकल्यासाठी मिश्रणाची मात्रा थोडी वाढवली. पाने मांडली गेली. दोन ब्राह्मण पाटावर बसलेले पाहून भाऊंनी डोळे उघडले.

"आज तिथी कोणाची?" त्यांनी विचारले.

माईंनी घाईने भात वाढायला घेतला.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, दुपारची गोळी आणि वाढवलेले मिश्रण पोटात घेऊन, भाऊ रोजच्याप्रमाणे दत्ताजीरावांकडे गेले. थोड्या वेळाने दत्ताजीराव स्वतःच पायांत जोडा न घालता आले. "भाऊ फासा हातात धरून बसलेत, पंत. टाकत नाहीत. मला आधी वाटलं, विचार करतायत."

खाटेवर घालून भाऊंना घरी आणले. त्यांचा श्वास येई; मग इतका वेळ येत नसे की नीलकंठराव स्वतःचा श्वास धरून बसत, आणि भाऊंचा पुन्हा आला की त्यांचाही सुटे. अशा रीतीने बाप आणि मुलगा एकाच श्वासावर बसले असता डॉक्टर धावत आले. त्यांनी भाऊंची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती.

"अफू किती घेतात हे?"

"अफू घेत नाहीत," नीलकंठराव म्हणाले. "दत्ताजीरावांकडे तेवढी रोजची शिष्टाचाराची असते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नीलकंठराव, माझ्या मिश्रणात अफूचा अर्क आहे. खोकल्यासाठी."

नीलकंठराव उठले. ते परवानगी न घेता, पागोटे न घालता, रस्त्याची ही बाजू कोणती आणि ती कोणती याचा विचार न करता पलीकडे गेले आणि भास्करशास्त्र्यांना ऊन उतरत असताना हाताला धरून घेऊन आले. शास्त्री मागच्या दाराने आत शिरले. डॉक्टरांनी विचारण्याआधीच ते म्हणाले, "माझ्याही गोळीत आहे. अहिफेन. थोडेसेच."

"सगळ्यांचे थोडेसेच आहे," विद्युल्लता म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता.

झोपू द्यायचे नाही, एवढाच उपाय होता. डॉक्टरांनी आणलेली कॉफी माईंनी काळीकुट्ट उकळली आणि गंगाजल न घालता दिली. भाऊंचा एक हात शास्त्र्यांच्या गळ्यात, दुसरा डॉक्टरांच्या गळ्यात घालून त्यांना अंगणात चालवायला आरंभ झाला. दत्ताजीराव पुढे उलट पावलांनी चालत, फौजेतल्या आवाजात त्यांचे नाव घेत होते. पायरीशी बसलेल्या बायकांना हा काही उत्सव वाटला. भवानीबाईंनी फुले उधळली. नवऱ्याचा चेहरा दिसला तेव्हा त्यांनी उरलेली फुले पदराआड केली आणि सगळ्यांना घरी जायला सांगितले.

दिवेलागणी झाली तेव्हा भाऊंनी तोंड वाकडे केले आणि म्हणाले, "हे कडू पाणी कोणी दिले मला?" माईंनी तुळशीपाशी दिवा लावला.

पुढची बोलणी ओसरीवर झाली. गाद्या घालायचे कोणाला सुचले नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर या वयात झेपणार नाही. अफू एकाच हातून जावी आणि थोडी थोडी कमी होत जावी.

"मग ती आपल्याच हातून जाऊ द्या," शास्त्री म्हणाले. "बाटलीत बिंदूबिंदूने कमी करता येते, माझ्या गोळीत येत नाही. अफूवाचूनचे दुसरे औषध मी मधुमेहासाठी देईन, आणि आधी आपल्याला सांगून देईन. पण डबी सरदारांची आहे. ती बंद करणे माझ्या हाती नाही."

"मी देणार नाही," दत्ताजीराव म्हणाले. "पण भाऊंनी मागितली तर? मी त्यांना आजवर नाही म्हटलेलं नाही, पंत. मला ते जमायचं नाही."

सगळे नीलकंठरावांकडे पाहू लागले. नाही म्हणण्याच्या बाबतीत त्यांचा अनुभव याहून अधिक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबी उपरण्यात घेतली आणि हंबीररावांकडे गेले. वाटेत त्यांनी भाषणाचा आरंभ चार प्रकारे रचला. सरदार सज्जावर पोपटाला डाळ घालीत होते. चारही आरंभ विसरून नीलकंठरावांनी डबी पुढे ठेवली आणि म्हणाले, "भाऊंच्या प्रकृतीला ही गोळी आता सोसत नाही. मी ती थांबवतो आहे."

हंबीररावांनी डबी उचलून पाहिली. "ही अजून जाते?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, केव्हाच थांबली असेल. मला कोणी सांगितलं नाही."

नीलकंठरावांनी रिकामे उपरणे खांद्यावर टाकले. ते मुजरा करून परतले. येताना दत्ताजीरावांच्या दाराशी थांबून त्यांनी सांगितले की सोंगट्या आमच्या ओसरीवर मांडाव्यात, तिकडे नाही, आणि मागणे माझ्याकडे यावे, तुमच्याकडे नाही. घरी बाटली त्यांनी माईंच्या फडताळातून काढून आपल्या पेटीत ठेवली. माईंनी पाहिले आणि गंगाजलाचा गडू देवघरात नेऊन ठेवला.

तिसऱ्या प्रहरी भाऊंना जांभया सुरू झाल्या. डोळ्यांना, नाकाला पाणी लागले. पिंढऱ्यांत कळा येऊ लागल्या, पांघरूण नको झाले, मग हवे झाले. नीलकंठराव कचेरीत गेले नव्हते. ते पायांशी बसून पिंढऱ्या दाबू लागले.

"जोर नाही हातात," भाऊ म्हणाले. ते पूर्ण जागे होते. "लिहून लिहून बायकी झालेत हात. दत्ताजीला बोलाव."

"ते येतील संध्याकाळी, खेळायला."

"खेळायला नाही म्हणत मी. तुला कळतंय मी काय म्हणतो. त्याच्याकडून घेऊन ये."

नीलकंठराव दाबत राहिले.

"शिवेच्या तंट्यात दोन्ही दरबारांनी माझा शब्द मोडला नाही. तू कोण? कारकून. उठ, जा. बाप सांगतोय."

दाराआड विद्युल्लता उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. नीलकंठरावांनी मान वर केली. वडिलांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आज मोठ्या होत्या, रागाने भरलेल्या होत्या, आणि त्यांत त्यांना आपला चेहरा दिसत होता.

"नाही, भाऊ," ते म्हणाले.

भाऊंनी पाय ओढून घेतला. नीलकंठरावांनी दुसरा पाय मांडीवर घेतला आणि दाबू लागले.